सुझुबाईंचे दोन ठिपके

आमच्या शेजारच्या अलमेलु मामींना मी नेमकं काय काम करते ते अजून उमगलेलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. कुंभकोणमात एखादी बाई घरबसल्या काम करते म्हणजे ती शिकवण्या घेते, पापड लाटते किंवा ब्लाउज शिवते. मी यातलं काहीच करत नाही. शेवटी एकदा त्यांनी मला कुंपणापाशी गाठून सरळच विचारलं.

"गंगा, तू दिवसभर त्या कॉम्प्युटरवर करतेस तरी काय?"

"जपानी लोकांसाठी अक्षरं करते, मामी."

"म्हणजे? त्यांच्याकडे अक्षरं नाहीत?"

"आहेत की. भरपूर आहेत. जरा जास्तच झालीत."

दुसऱ्या दिवशी मामी माझ्यासाठी देवळातून विभूती घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं माझ्या कपाळाला लावून गेल्या.

या अंकाच्या संपादकांनाही साधारण तोच प्रश्न पडला असावा, म्हणून त्यांनी फोन करून कामाबद्दल लिहायला सांगितलं. मी म्हटलं, "मज सवड मिळूं दे, लिहून धाडतें." ते खुशीत येऊन म्हणाले, "वा! काय बखरीतल्यासारखं बोलता हो तुम्ही!" आता यात मी मुद्दाम काही केलं नव्हतं. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आले, येताना त्या वेळची मराठी घेऊन आले, आणि ती आमच्या घरांत तशीच राहिली. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत ही. तुमची मराठी मधल्या काळात पुढे निघून गेली, आम्हाला कुणी कळवलं नाही. हा लेख मी तुमच्या मराठीत लिहिते आहे, जी मी असले अंक वाचून वाचूनच शिकले. घरचं माणूस बोललं तर मात्र ते घरच्यासारखंच बोलेल.

तर काम. मी फाँट करते, म्हणजे पडद्यावर दिसणारी अक्षरं. उमेदीची सगळी वर्षं चेन्नईच्या एका कंपनीत याच कामात गेली. जपानी तिथेच शिकले. आता निवृत्त होऊन गावी परतले आहे, पण जुनी गिऱ्हाइकं मला सोडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना सोडत नाही.

जपानीत आवाज लिहायची जी अक्षरं असतात त्यांना काना म्हणतात. आज एका आवाजाला एक काना, असा साधा हिशेब आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत एकेका आवाजाची चार-चार, पाच-पाच वळणं होती, आणि लिहिणारा आपल्या लहरीप्रमाणे, कागदावर उरलेल्या जागेप्रमाणे त्यातलं एक उचलायचा. एकाच ओळीत 'सु' दोनदा आला तर दुसऱ्यांदा वेगळा काढायचा, निव्वळ शोभा म्हणून. मग तिथल्या शाळाखात्याला शिस्तीची हुक्की आली. एका आवाजाला एकच अक्षर ठेवलं आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. त्या घरी पाठवलेल्यांना हेन्ताइगाना म्हणतात, म्हणजे निराळ्या रूपाची काना. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. शाळेत यायचं बंद झालं, एवढंच. मला ती पहिल्या दिवसापासून आपल्या माणसांसारखी वाटली. माझी भाचरं मी मराठीत बोलले की तमिळमध्ये उत्तर देतात, आणि महाराष्ट्रातले लोक मी बोलले की हसतात, त्यामुळे घरी पाठवलं जाणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको.

कॉम्प्युटरच्या जगात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. या जुन्या अक्षरांना त्यांचे नंबर मिळाले ते अगदी अलीकडे. पण नंबर मिळाला म्हणून चेहरा मिळतोच असं नाही. तुमच्या फोनला नंबर कळतो, पण ते अक्षर दिसतं कसं हे त्याला ठाऊक नसतं. मग तो त्या जागी एक रिकामा चौकोन काढून मोकळा होतो. आमच्या धंद्यात त्या चौकोनाला टोफू म्हणतात, कारण तो सोयाबीनच्या पनीराच्या वडीसारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे वेब फाँट: पानाबरोबर अक्षरांचे चेहरेही पाठवून द्यायचे. पाहुण्यांकडे आपल्या चवीचं लोणचं नसेल म्हणून आपण बरणी बरोबर नेतो, तसं. फक्त जपानी अक्षरांची बरणी इतकी मोठी, की ती पोचेपर्यंत लोक जेवून हात धुतात. म्हणून त्या पानाला लागतील तेवढीच अक्षरं काढून छोटी पुडी बांधायची. मी ही पुडी बांधते.

गिऱ्हाइकं एकेक भेटतात. एका सोबावाल्याचं काम आलं होतं. सोबा म्हणजे एक प्रकारच्या शेवया. जुन्या दुकानांच्या पाटीवर 'सोबा' अजूनही जुन्याच अक्षरांत लिहितात. ती वाचता फारशी कुणाला येत नाहीत, पण पाटी दिसली की आत शेवया मिळणार हे सगळ्यांना कळतं. या गृहस्थांच्या वेबसाइटवर त्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. मी लगबगीनं कळवलं, "आपल्या दुकानाच्या नावात टोफू आले आहेत." अत्यंत नम्र उत्तर आलं, "आपण एवढी काळजी घेतलीत, आभारी आहोत. परंतु आम्ही टोफू ठेवत नाही." दुसरे एक प्राध्यापक होते. त्यांना माझं प्रत्येक अक्षर पसंत असायचं, फक्त ते "अजून थोडं दमलेलं" हवं असायचं. मी दमले, अक्षर काही दमेना.

या धंद्यात माझे भागीदार म्हणजे माझे थोरले भाऊ, गोविंदअण्णा. अण्णांचा जन्म छापखान्यात गेला. गावातल्या लग्नपत्रिका, उत्सवांची पत्रकं, पंचांगं, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. जपानीतलं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही, आणि मला तेच सोयीचं पडतं. अर्थ कळला की माणूस आकाराकडे बघायचं सोडतो. अण्णा नुसता आकार बघतात. "हा अंमळ लंगडतो गे," म्हणतात, आणि तो खरंच लंगडत असतो. छापखान्याची एक सवय मात्र त्यांच्या हाडीमाशी खिळली आहे. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं; त्यांत कण अडकला, रोलरवर धूळ बसली, शाई उडाली, की कागदावर ठिपका उठतो, आणि नवरीच्या नावावर ठिपका आलेली पत्रिका कुणी घेत नाही. त्यामुळे ठिपका म्हणजे अण्णांचा जन्माचा वैरी. दिसला की पुसला.

आता सुझुबाई. जपानच्या उत्तरेकडच्या एका गावात वयस्क विणकर बायकांचा एक गट आहे, त्या निळीत रंगवलेल्या सुताचं कापड विणतात. त्यांचा कारभार बघणारे गृहस्थ म्हणजे मोरी-सान. सान म्हणजे आपल्याकडचं राव किंवा बाई. जपानीत मोरी म्हणजे वन, पण आमच्या घरी मोरी न्हाणीघरात असल्यामुळे अण्णांच्या तोंडी ते नाव येईना, म्हणून अण्णा त्यांना वनराव म्हणतात. या वनरावांनी गटाची वेबसाइट करायला घेतली. कापडाचा फोटो, खाली विणणारीचं नाव. सगळ्यांची नावं चढली आणि सुझुबाई अडून बसल्या.

बाई नव्वदीला टेकलेल्या. सुझु म्हणजे छोटी किणकिणती घंटी. जन्म वसंतातला, म्हणून वडिलांनी नाव घालताना शाळेतला 'सु' न घेता जुना घेतला, जो 'वसंत' या चित्राक्षरापासून झालेला आहे. पुढे दवाखान्यात, बँकेत, सरकारी कार्डावर, सगळीकडे शाळेतलाच 'सु' येत गेला. बाई म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्या कुणाचं तरी नाव लावून घेतलं. माझ्या कापडाखाली माझं घाला. जमत नसेल तर ती जागा कोरी ठेवा." आणि मोरी-साननी आणखी एक गोष्ट हळूच कळवली. बाईंची नजर अधू होत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर त्यांना वडिलांच्या अक्षरातलं नाव त्या पडद्यावर बघायचं होतं.

त्या अक्षराचा नमुना उरला होता एका लाकडी धोट्यावर. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. वडिलांनी लेकीला पहिला धोटा करून दिला आणि त्यावर शाईनं तिचं नाव घातलं. मोरी-साननी त्याचा फोटो पाठवला. हात लागून लागून गुळगुळीत झालेलं लाकूड आणि पुसट झालेली अक्षरं. वसंताचा तो 'सु' बघून अण्णा खूश झाले. "काय वळण गे हें! हा लिहिणारा मनुष्य त्या दिवशीं फार आनंदांत होता."

इथे एक बारकी गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिच्यात आहे. जपानीत 'सु'चा 'झु' करायला नवं अक्षर लागत नाही. त्याच 'सु'च्या उजव्या खांद्यावर दोन बारीक ठिपके दिले की झाला 'झु'. 'क'वर दिले की 'ग', 'त'वर दिले की 'द'. म्हणजे 'सुझु' हे नाव तेच अक्षर दोनदा, दुसऱ्यावर दोन ठिपके, असं होतं. जुन्या अक्षरांसाठी हे ठिपके फाँटमध्ये वेगळ्या घरात ठेवतात, आणि लिहिताना ते अक्षराच्या खांद्यावर येऊन बसतात. मी धोट्याच्या फोटोवरून अक्षर उतरवलं, ठिपके उचलून त्यांच्या घरात ठेवले, आणि सगळी फाइल साफसफाईला अण्णांकडे दिली.

अण्णांनी ते घर उघडलं. मोठा रिकामा चौकोन, आणि कोपऱ्यात दोन ओबडधोबड काळे कण. जन्माचा वैरी, तोही जोडीनं. अण्णांनी पुसून टाकला.

तुम्ही म्हणाल, मी तपासलं नाही? तपासलं. आधी यंत्रानं तपासलं: ठिपक्यांचं घर जागेवर आहे का? आहे. आत कुणी राहतं का, हे यंत्र विचारत नाही. मग मी स्वतः पान उघडून वाचलं: सुझु. एकदम बरोबर. कारण माझे डोळे तमिळ शाळेत शिकले. तमिळ लिपीत क आणि ग एकच, त आणि द एकच, प आणि ब एकच. कुठे काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं जाणायचं. शाळेच्या पटावर माझं नाव तमिळ अक्षरांत होतं, आणि सुरुवातीला क, अनुनासिकानंतर ग, या तमिळ रीतीनं वाचलं तर ते 'कंगा' होतं. तरी मला जन्मात कुणी कंगा म्हटलं नाही. लिहायचं कंगा आणि वाचायचं गंगा, हे मी इतक्या लहानपणी गिळलं आहे, की समोर 'सुसु' लिहिलेलं असताना मी छान 'सुझु' वाचलं आणि पान रवाना केलं. पुण्याच्या बाईकडून ही चूक झाली नसती.

मग मोरी-सानची मेल आली. जपानी तक्रार ओळखायला अनुभव लागतो. आधी हवामान, मग आभार, मग स्वतःच्या अज्ञानाबद्दल क्षमा, आणि अगदी तळाशी एक वाक्य: "सुझु-सान यांच्या नावावरचे ठिपके सध्या विश्रांती घेत असावेत, असं वाटतं." मी पान उघडलं आणि या वेळी जपानी डोळ्यांनी पाहिलं. सुसु. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी कृपया हसू आवरावं. जपानीत सुसु म्हणजे काजळी, चुलीवर धरते ती. आम्ही घंटीची काजळी करून ठेवली होती.

पुढचं वाचून मात्र माझं हसू मावळलं. गटातल्या सगळ्या बायका जमलेल्या असताना मोरी-साननी ते पान भिंतीवर मोठं करून दाखवलं होतं. त्यांतल्या एकीला जुनी अक्षरं येत होती. तिनं सहज मोठ्यानं वाचलं, "सुसु-सान." सगळ्या गेल्यावर सुझुबाई मोरी-सानना म्हणाल्या, "शाळेत पोरं माझ्या पाटीवरचे ठिपके बोटानं पुसायची आणि मला काजळी म्हणून चिडवायची. राहू द्या आता. ती जागा कोरीच ठेवा."

मला फार वाईट वाटलं. मी तशीच उठून ओसरीवर गेले. अण्णा पेपर वाचत होते.

"अण्णा, त्या घरांत दोन ठिपके होते, ते काय जाहले?"

"कचरा होता. पुसून टाकला," अण्णा अभिमानानं म्हणाले.

"तो कचरा नव्हे. त्यानें अक्षर बदलतें."

"ठिपक्यानें? तें कसें गे? आपल्याकडे ताडपत्रांवर ठिपके देत होते काय? लेखणी टोंचली कीं पान फाटतें. वाचणाऱ्यानें समजून घेणें. ठिपके पोरांस पाह्यजेत, जाणत्यास कसाला?"

आजच्या तमिळमध्ये व्यंजनावर ठिपका देतात, पण जुन्या ताडपत्रांवर तो नसे, हे अण्णांचं खरंच होतं. पण मी त्यांना पाटीची गोष्ट सांगितली. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसत राहिले.

"पोरांनीं बोटानें पुसले?"

"होय."

"मीं माउसानें पुसले," अण्णा म्हणाले.

त्यानंतर ते ठिपके अण्णांनी मला करू दिले नाहीत. धोट्याचा फोटो पडदाभर मोठा करून ते त्या दोन डागांकडे बघत बसले. मला जे दोन सारखे ठिपके वाटले होते ते सारखे नव्हतेच. पहिला अंमळ थांबून टेकवलेला, दुसरा झपकन ओढलेला, शेपटी असलेला. "पहिला उभा राहतो, दुसरा त्याच्या मागून पळतो," अण्णा म्हणाले, आणि तसेच काढले. मग त्यांना खांद्यावर बसवायचं काम. वसंताच्या 'सु'ला उजवीकडे लांब फराटा आहे, ठिपके त्याच्यावर आपटायचे. "वर घे. नको, खालीं. आतां अंमळ बाहेर. राहूं दे, आतां ते सुखानें बसले," असं करता करता माझी कॉफी निवाली, पण ठिपके बसले. बाईंच्या अधू नजरेसाठी ते जरासे भरदारही केले.

अडचण अशी, की बाई आता पडद्याकडे बघायलाच तयार नव्हत्या, आणि त्यांना पुन्हा गळ घालणं मोरी-सानच्या सभ्यतेत बसत नव्हतं. मी क्षमापत्र लिहिते म्हटलं तर अण्णांनी मोडता घातला. "तुझ्या जपानींत नमस्कारच फार. मुद्दा येईतों ती बाई निजेल." ते टाउन बस पकडून दारासुरमला गेले, तिथल्या एका विणकराच्या घरून कुंकवाच्या रंगाच्या रेशमाची एक लड घेऊन आले. मला नव्या ठिपक्यांसकट ते नाव एका जाड कागदावर मोठं छापायला लावलं. त्यावर दुसरा शब्द नाही. कागद आणि लड एका पुडक्यात घालून जपानला पाठवून दिलं.

पुढे काय झालं ते मोरी-साननी फोन करून सांगितलं, आणि या वेळी हवामान सांगायला विसरले. सुझुबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग तिरका धरला. मग अंगठा ओला करून त्या दोन ठिपक्यांवरून घासला. एकदा घासला, पुन्हा जोर करून घासला. "पुसले जात नाहीत," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "लावा."

ते पान आता जगात कुणालाही दिसतं. निळ्या कापडाखाली सुझुबाईंचं नाव आहे, वसंताच्या दोन अक्षरांत. बाई नाक पडद्याला टेकेपर्यंत पुढे जाऊन ते बघतात, असं मोरी-सान सांगतात. माझ्या सगळ्या नोकरीत मी अक्षरांच्या केवढ्या मोठमोठ्या बरण्या भरल्या असतील, पण जिचा मला खरा गर्व वाटतो ती ही एवढीशी पुडी.

काही महिन्यांनी जपानहून एक पुडकं आलं. बांधलेलं होतं आमच्याच कुंकवी रेशमानं. आत हातकागदाचे दोन तुकडे होते, आणि त्यांवर सुझुबाईंनी कुंचल्यानं, हाताच्या सवयीवर भिस्त ठेवून, आमची नावं लिहिली होती, जुन्या अक्षरांत. आमच्या नावांचे उच्चार मोरी-साननी मला मागे विचारून घेतले होते, ते का हे आता कळलं. माझ्या नावात पहिल्या अक्षरावर ठिपके, शेवटच्या अक्षरावर ठिपके. जन्मभर कंगा लिहून घेतलेली मी, कुणीतरी मला पहिल्यांदाच मनापासून गंगा लिहिलं. मी रडले, त्यात लपवायचं काय.

अण्णांची मात्र मजा झाली. जपानीत 'व' नाही, त्यामुळे गोविंदाचा झाला गोबिंदा. गोवर ठिपके, बिवर ठिपके, दावर ठिपके, आणि प्रत्येक ठिपका मिऱ्याएवढा टपोरा. ज्या माणसानं हयातभर ठिपके पुसले त्याच्या नावावर बाईंनी ते मूठभर उधळले होते. अण्णांनी तो कागद काच लावून चौकटीत बसवून घेतला आणि हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा टांगला.

परवा आमच्या वहिनी सणाची झाडलोट करत होत्या. स्टुलावर चढून त्यांनी ती काच पुसली. तरी काळं जाईना, म्हणून पदर ओला करून जोर काढून घासायला लागल्या. ओसरीवरून अण्णा पेपर टाकून धावत आले.

"अगे अगे, पुसूं नको!" ते ओरडले. "ती धूळ नव्हे, माझें नांव आहे तें!"